झोपेत सांगितलेला मासा

दुपारचं ऊन भिंतीवरून उतरून अंगणातल्या डाळिंबाच्या बुंध्याशी बसलं, की दलेंदा मावशी झोपायची. आणि झोपली, की विणायला लागायची.

समोर माग नसे. ती आपली खालच्या खोलीत, गार फरशीवरच्या चटईवर उताणी पडलेली, डोक्याखाली लोकरीची जुनी उशी, पोटावर हात. पण बोटं हलायची. अंगठा आणि तर्जनी मिळून न दिसणारा दोरा उचलायची, बाजूला सारायची आणि ओठ पुटपुटायचे, "दोन घे. तीन सोड. एक घे, एक सोड. आता पाच घे, पोट आलं."

तिची भाची वसीला उशाशी बसून ऐकायची. मांडीवर लॅपटॉप उघडा असायचा. कळांचा आवाज होऊ नये म्हणून ती त्या अलगद दाबायची, जशी निजलेल्या बाळाच्या गालावरची माशी वारावी. मावशी जागी झाली की संपलं. जागेपणी तिला त्यातलं काहीही आठवत नसे.

उद्रेफ गावात घरात माग असणं काही विशेष नाही. पावसाळी नाला, खजुराची झाडं, पलीकडे गाबेसचा समुद्र आणि घराघरात माग, असंच ते गाव. सपाट विणीचा गालिचा, ज्याला तिकडे मर्गूम म्हणतात, तो सगळ्याच विणतात. उंट, मिनार, कंगवा या नक्ष्या सगळ्यांच्या. पण झोपलेला मासा फक्त एका घरचा, दलेंदाच्या आईचा. शेपूट किंचित वर वळलेली, डोळा मिटलेला. त्या घरची मुलगी सासरी निघाली की मासा तिच्याबरोबर निघायचा.

आता तो कुठेच उरला नव्हता. दलेंदाचा स्वतःचा मर्गूम तिनं मुलीच्या आजारपणात नवस म्हणून पिराच्या दर्ग्याला दिला. तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली तो विरून गेला. वसीलाची आई, दलेंदाची धाकटी बहीण, मुलीचं लग्न बघायला राहिलीच नाही. वसीला गाबेसच्या कॉलेजात शिकत होती, लग्न झालं तेव्हा तिच्याबरोबर बाजारातून आणलेलं वाघाच्या चित्राचं ब्लँकेट गेलं. ते अजून कपाटात होतं. अतिशय ऊबदार होतं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

आणि दलेंदाची मुलगी सिहेम. ती लग्न करून पार उत्तरेला बिझेर्तला गेली, तेव्हा म्हणाली होती, "आई, फ्लॅटमध्ये कुठे पसरू मी हे ओझं?" मागावर चढवलेला उभ्या दोऱ्यांचा ताणा मावशीनं कात्रीनं कापला आणि रात्रीच्या कुसकुसला भाजी चिरायला बसली.

त्या सिहेमच्या मुलीचं, युसरचं, लग्न या उन्हाळ्यात होतं. आणि आता सिहेमनं त्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये माग उभा केला होता. ताणा लावला होता, लोकर रंगवून झाली होती. मासा तेवढा हवा होता.

"आई, सांग ना. नाकापासून सुरुवात कशी करायची?" तिनं फोनवर विचारलं.

मावशीनं फोन दोन्ही हातांनी धरला. "तीन घे," ती म्हणाली. "नाही. तीन कसे. कुणाचं लग्न म्हणालीस?"

"युसरचं."

"अल्ला तिचं भलं करो. कुणाची ही?"

मावशीनं फोन वसीलाच्या हातात दिला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली. दाणे तिनं सकाळीच टाकले होते.

विसरणं असंच आलं होतं, पायांत लोकरी मोजे घालून आल्यासारखं, आवाज न करता. आधी आमटीत मीठ दोनदा पडलं. मग शेजारणींची नावं एकमेकींना लागायला लागली. मग एकदा मागासमोर उभी राहून, हातात निळा दोरा धरून तिनं विचारलं, "वसीला, हे मी कुणाचं विणत होते गं?" तेव्हापासून माग भिंतीला टेकून होता.

म्हणून ज्या दुपारी वसीला मसूर निवडत बसली होती आणि झोपलेल्या मावशीच्या ओठांतून ते "दोन घे, तीन सोड" ऐकू आलं, तेव्हा तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मासा गेला नव्हता. तो खाली कुठेतरी, विसरण्याच्याही तळाशी, निवांत पडून होता.

"तुमच्या घरात बायका झोपेतही कामं करतात," वसीलाचा नवरा लोत्फी जेवताना म्हणाला. तो गाबेसच्या रस्त्यावर टॅक्सी चालवायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा; मावशी आणि ती दोघं एकाच घरात राहत. "आणि मला म्हणता, दमलास कशानं."

"तू जागेपणी झोपतोस, मी झोपेत विणते," मावशी ब्सीसा कालवत म्हणाली. तेल घालून कालवलेलं ते भाजल्या बार्लीचं पीठ तिला सकाळ-दुपार चालायचं. "घराचा हिशोब बरोबर आहे, जावईबापू. हरीसाची चटणी इकडे सरकव."

कुठलं विसरायचं आणि कुठलं नाही, हे तिचं तिलाच माहीत. टोमणा कधी चुकला नाही.

वसीलानं आधी चौकटीच्या कागदावर मासा उतरवायला घेतला. पण मावशी ओळीनं थोडीच सांगायची. आज पोट, उद्या शेपूट, परवा पुन्हा पोटाची तीच ओळ, पण एक दोरा इकडचा तिकडे. खोडून खोडून कागदाला भोकं पडली. शेवटी जसा झाला तसा त्याचा फोटो पाठवला. सिहेमनं त्या सुरकुत्यांवरून चौकटी मोजल्या, वीतभर विणलं आणि सगळं उसवलं.

"वसीला, फोटो नको गं," ती म्हणाली. "डोळे दुखतात आणि दोरा सरकतो. आपल्या मंडळाच्या पानावर लिही ना. फोन मागाशेजारी ठेवीन, एकेक ओळ बोटाखाली धरीन."

गावातल्या विणणाऱ्या बायकांच्या मंडळाचं एक पान होतं इंटरनेटवर. ते वसीलाच सांभाळायची. कोणती लोकर आली, कुणाचा मर्गूम तयार झाला, एवढंच त्यावर असायचं. एमना नावाच्या मुलीनं ते उभं करून दिलं होतं, आणि ट्युनिसला जाण्याआधी समजावून सांगितलं होतं, "याला मार्कडाउन म्हणतात, ताई. तू साधं लिहायचं. कुठे काय खूण केलीस, कुठे किती जागा सोडलीस, त्यावरून ते पान स्वतःच सजतं."

वसीलाला ते चटकन समजलं होतं, कारण मर्गूम उलट बाजूनं विणतात. विणणारीच्या समोर असते ती पाठ, गाठींची आणि लोंबत्या दोऱ्यांची. तोंड पलीकडे. हे पानही तसंच. लिहायची बाजू म्हणजे पाठ, आणि 'जतन करा' म्हटलं की पलीकडे उमटतं ते तोंड.

तर तिनं वर लिहिलं, "दलेंदाच्या आईचा झोपलेला मासा", आणि लगेच त्याच्या खालच्या ओळीपासून मासा सुरू केला. घेतलेल्या दोऱ्याला कळफलकावरची एक चांदणी, सोडलेल्या दोऱ्याला एक स्पेस. मासा आडवा, नाक ओळीच्या अगदी आरंभाला. पाठीच्या आणि पोटाच्या ओळी तिथून एक, दोन, फार तर तीन दोरे सोडून. बरेच दिवस, बऱ्याच झोपांमधून गोळा केलेला तो मासा तिनं पाठीकडून पूर्ण केला आणि तोंड बघायला गेली.

मासा नव्हता. पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या रेघा होत्या. एकीखाली एक, नुसत्या सरळ रेघा. मधेच एखादा काळा ठिपका. पूर आल्यावर सगळं वाहून जावं आणि पाणी तेवढं राहावं, तसं.

तिनं तपासून बघितलं. तीन चांदण्या किंवा त्याहून जास्त एका ओळीत आल्या आणि सोबत दुसरं अक्षर नसलं, की त्यांच्यामध्ये कितीही जागा सोडा, पान म्हणायचं, हिला इथे रेघ मारायची आहे. एकटी चांदणी आली की ते म्हणायचं, ही यादी सुरू करतेय. चांदण्यांचं त्या पानाशी काहीतरी जुनं ठरलेलं होतं. तिच्या माशाची त्याला गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं चांदण्या काढून त्यांच्या जागी फुल्या घातल्या, इंग्रजी एक्सच्या. आता रेघा गेल्या. पण सगळ्या ओळी एकमेकींना चिकटल्या. नाकाला पोट, पोटाला शेपूट, सगळं एका लांब वाक्यासारखं वाहत गेलं. पाठीकडून ती प्रत्येक ओळ मोडून खाली जात होती. तोंडाकडे त्याचा पत्ताच नव्हता.

तिनं एमनाला निरोप पाठवला. पलीकडून आवाज आला, त्यात मागे मूल रडत होतं. "ताई, ओळ संपली की शेवटी दोन स्पेस सोड आणि मग खाली जा. दोन. दिसणार नाहीत, पण पानाला कळतात. आता ठेवते हं, हा ऐकत नाहीये."

दिसणार नाहीत पण कळतात. वसीलाला ते वाक्य आवडलं. ती दुपारभर प्रत्येक ओळीच्या टोकाला दोन रिकाम्या जागा देत बसली. बाहेर दक्षिणेचा गरम वारा सुटला होता, दाराच्या फटीतून बारीक वाळू आत येत होती आणि चटईवर मावशी हळूहळू शेपूट विणत होती. त्या पिवळसर उजेडात वसीलाला वाटलं, आपण दोघी एकाच मागावर बसलोय. मावशी आत, पाण्याखाली, आणि आपण वर, दोऱ्याचं टोक धरून.

ओळी सुट्या झाल्या. तरी मासा झाला नाही. ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा पान गिळून टाकत होतं, सगळ्या ओळी एका बाजूला भिंतीला पाठ लावल्यासारख्या उभ्या. आणि मधल्या जागा, दोन सोडा, तीन सोडा, सहा सोडा, तोंडाकडे एकच. मावशीनं "तीन सोड" म्हटलेलं आणि "एक सोड" म्हटलेलं, पानाला सगळं सारखंच.

पाठीकडेही तो धड दिसत नव्हता. तिथे फुली रुंद आणि रिकामी जागा अरुंद, त्यामुळे मासा एका कुशीवर कलंडलेला. त्याचा फोटो पाठवून उपयोग नव्हता.

"सोडून दे," लोत्फी म्हणाला. "सिहेमला म्हणावं, उंट विण. उंट काय वाईट असतो?"

"उंट झोपत नाही तसा," वसीला म्हणाली.

"कोण म्हणतं? मी रोज बघतो, रस्त्यात."

ती हसली नाही, तेव्हा त्यानं चहाचा पेला तिच्याजवळ सरकवला आणि उठून गेला.

मावशीचं झोपेतलं बोलणं आता विरळ होत चाललं होतं. कधी नुसतं "सोड... सोड..." म्हणायची आणि घेण्याचं काही यायचंच नाही. एका दुपारी तर ती झोपेत नुसती श्वास घेत राहिली. बोटं हलली, ओठ मिटलेले. वसीला तिच्याकडे बघत बसली. तिच्या मनात आलं, पान गिळतंय की मावशीच गिळतेय, कुणास ठाऊक. दोन्हीकडून मासा बारीक होतोय.

त्याच दिवशी मावशी उठली, तोंड धुऊन आली आणि चहा घेऊन वसीलाला खेटून बसली. उकळून उकळून लाल केलेला चहा, वर दोन बदाम. पडद्याकडे बघत तिनं विचारलं, "हा तुझा माग का गं?"

"हो, मावशी."

"आणि ह्या रेघोट्या कसल्या?"

"विणतेय काहीतरी." मासा म्हणायचा तिला धीर झाला नाही. मावशी "कसला मासा?" म्हणाली असती तर ते ऐकायचं नव्हतं.

मावशीनं चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहामुळे नव्हे. "कुणी शिकवलं तुला? कॉलेजात?"

"का, काय झालं?"

"काठ कुठाय?"

"काठ कशाला लिहायचा, मावशी? तो तर सगळ्यांनाच माहीत असतो."

"सगळ्यांना माहीत असतं तेच आधी जातं," मावशी म्हणाली. "माझ्याकडे बघ." मग बोट पडद्यावर टेकवून, बोटाचा ठसा उमटवत, तिनं सांगितलं, "इथे वरती साधी ओळ विण. नुसती, काही न घालता. मग ह्या बाजूनं चार दोरे सोड, त्या बाजूनं चार सोड. प्रत्येक ओळीला. खाली पुन्हा साधी ओळ. काठाला चिकटून नक्षी सुरू करते ती काय बाई? दोरे ओढले जातात, सगळं आत येतं. आईनं माझ्या बोटांवर दोरा ठोकायची फणी मारली असती."

"आता घालते."

"माझ्यासमोर घाल. तुम्ही शिकलेल्या मुली नंतर करते म्हणता आणि झोपता."

वसीलाला हसू आलं. म्हातारीचं मन राखायचं, एवढाच तिचा विचार होता. तिनं नावाच्या आणि माशाच्या मध्ये एक ओळ पूर्ण कोरी सोडली. मग प्रत्येक ओळीच्या आरंभी जाऊन चार स्पेस दिल्या, आणि टोकाला चार. मावशी प्रत्येक वेळी पुटपुटत होती, एक, दोन, तीन, चार. एकदा वसीलानं तीनच दिल्या तर कोपर मारलं. शेवटी खालची कोरी ओळ झाली.

"आता उलटव," मावशी म्हणाली. मागावरून मर्गूम उतरला की उलटवतात, तसं.

वसीलानं जतन केलं आणि पानाचं तोंड उघडलं.

पानावर एक फिकट करडी चौकट उमटली होती, धुतलेल्या लोकरीच्या रंगाची. चौकटीत प्रत्येक ओळ आपापल्या जागी. प्रत्येक फुलीची रुंदी तेवढीच, प्रत्येक रिकाम्या जागेचीही तेवढीच. नाक, पाठीची चढण, पोट, शेपटीचं वर वळलेलं टोक. पानानं काही गिळलं नव्हतं, काही जोडलं नव्हतं, काही सजवलं नव्हतं. वर एक कोरी ओळ आणि बाजूला चार रिकाम्या जागा ठेवल्या, की आतल्याला ते हात लावत नव्हतं. माशाभोवती पाणी स्थिर झालं होतं.

वसीलाला भीती वाटली की श्वास जोरात घेतला तरी ते हलेल.

मावशी पुढे वाकली. पेला खाली ठेवला. बराच वेळ ती बघत होती, आणि वसीला तिच्याकडे. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग तिचं बोट उठलं आणि नाकाच्या जरा मागे, पडद्यावर टेकलं. तिथे दोन जागा रिकाम्या होत्या, शेजारी शेजारी.

"मिटलाय," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"डोळा. उघडा डोळा एका दोऱ्याचा असतो. मिटलेला दोन दोऱ्यांचा." तिनं बोट काढलं नाही. "दोन सोडायचे. एक सोडलास तर रात्रभर टक्क बघत बसतो, नवरीला झोपू देत नाही. आई सांगायची."

इतके दिवस तोंडाकडे त्या दोन जागांची एकच होत होती. वसीलाला ते लक्षातही आलं नव्हतं. तिनं दोन आहेत म्हणून दोन लिहिल्या होत्या, बस.

"हा आमचा मासा आहे," मावशी म्हणाली, आणि मग, जरा लाजून, दुसऱ्याच्या घरात आपली वस्तू दिसावी तसं, "तुझ्याकडे कसा आला गं?"

"तूच दिलास."

"कधी?"

"दुपारी. रोज थोडा थोडा."

मावशीनं यावर विचार केला. "बरं केलं," ती म्हणाली आणि चहातला बदाम बोटानं काढून वसीलाच्या तोंडात घातला.

सिहेमला निरोप गेला. तासाभरात तिचा फोन आला. ती म्हणाली, "काठसुद्धा घातलास."

"मावशीनं घालायला लावला."

"तिला आठवलं?"

"काठ आठवला. मग डोळा."

"फोन बंद करू नकोस," सिहेम म्हणाली. "मी मागाजवळ ठेवते. आईला ऐकू दे."

त्यानंतर कितीतरी दुपारी तसंच चालायचं. बिझेर्तच्या त्या हॉलमध्ये सिहेम विणायची आणि उद्रेफच्या खालच्या खोलीत फोन उशाशी पडलेला असायचा. त्यातून फणीचा आवाज यायचा, दोरा बसवताना होतो तो, बोथट, मऊ, धप, धप. मधे सिहेम स्वतःशीच मोजायची. अधूनमधून युसर येऊन काहीतरी विचारायची आणि सिहेम म्हणायची, "हो गं, जेवण झाकून ठेवलंय, मला मोजू दे."

वसीला मसूर निवडायची. एकदा तिच्या मनात आलं, युसरचा झाला की मागावर ताणा आपणही लावून बघावा. आपल्याला मुलगी नाही. पण कपाटातल्या त्या वाघाखाली अंथरायला काय हरकत आहे. हे तिनं लोत्फीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, वाघ मासा खाईल.

ऊन डाळिंबाच्या बुंध्याशी येऊन बसलं. फोनमधून सिहेम म्हणाली, "दोन सोड," आणि थांबली, आणि फणी पडली. चटईवर दलेंदा मावशी कुशीवर वळली. ओठ हलले नाहीत, बोटंही नाहीत. हात उशीखाली घालून ती झोपली होती, नुसती झोपली होती, डोळे अगदी मिटून.